हॉलमधलं टेनिस आणि कपाटाचं दार

गेले दोन वीकेंड इथे काही लिहिलं नाही. खरं सांगायचं तर लाज वाटत होती. टेनिस खेळताना मी आईला बॅकहँड मारला. अगदी शब्दशः. डाव्या भुवईवर तीन टाके पडले.

झालं असं, की मामेभावाने माळा आवरताना त्याचा जुना निन्टेंडो वी मला देऊन टाकला. २००६ साली बाजारात आलेलं यंत्र, २०१३ मध्ये उत्पादनही थांबलं. पण टीव्हीला जोडलं आणि चक्क चालू झालं! शनिवारी संध्याकाळी बाबा आणि मी 'वी स्पोर्ट्स'चं टेनिस खेळायला उभे राहिलो.

तुम्ही म्हणाल, काळजी घेतली नसेल. घेतली होती हो! टीपॉय आतल्या खोलीत, पंखा बंद (वर नेलेला हात पात्याला लागायला नको), मोजे काढलेले (लाद्या गुळगुळीत), आणि रिमोटची दोरी मनगटात. या दोरीचीही एक गोष्ट आहे. वी आला आणि लोकांच्या हातून रिमोट सुटून भलतीकडे आपटायला लागले. मग डिसेंबर २००६ मध्येच निन्टेंडोने ०.६ मिलिमीटरच्या दोरीऐवजी १ मिलिमीटरची दोरी आणली आणि सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून द्यायची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी रिमोटला सिलिकॉनचं जाड कव्हरही फुकट द्यायला सुरुवात केली.

पण माझा रिमोट सुटलाच नाही. तो हातासकट आईला लागला.

मुलुंडमधला आमचा हॉल दहा बाय पंधरा. स्वयंपाकघरातून गॅलरीत जायचं तरी हॉलमधूनच. आई चहाचा ट्रे घेऊन मागून आली, नेहमीसारखी, काही आवाज न करता. मी हात मागे नेला आणि... चहा लादीवर सांडला, एवढंच काय ते नशीब.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कशाने लागलं?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "कपाटाचं दार लागलं." डॉक्टरांनी एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. ती नजर काही मी विसरणार नाही. मग मीच सगळं सांगून टाकलं. तर बाहेर आल्यावर आई मलाच म्हणते, "कशाला सांगितलंस? हसतील लोक." शेजारच्या काकूंच्या हिशेबी अजूनही दारच लागलंय.

ऑफिसात प्रॉडक्शनला काही फुटलं की आम्ही रूट कॉज लिहितो. म्हटलं, घरातलंही लिहू.

लहानपणी बिल्डिंगखाली क्रिकेट खेळायचो. काच फुटली की आऊट, भिंतीपलीकडे गेला की आऊट. आणि कुणाची आजी भाजीची पिशवी घेऊन निघाली की बॉलर रनअपमध्येच थांबायचा, "ए थांब, आजी जातायत!" बॅट्समनच्या पाठीला डोळे नसतात, पण बॉलर समोरून सगळं बघत असतो. टीव्हीतला बॉलर आपल्यामागे कोण आलंय ते बघत नाही. वीच्या रिमोटमधल्या सेन्सरला हाताची हालचाल कळते, पुढच्या कॅमेऱ्याला टीव्हीजवळच्या पट्टीचे दिवे दिसतात. खोली, माणसं, चहाचा ट्रे, यातलं काहीच त्याला कळत नाही. बाबांचे डोळेही माझ्यासारखेच पडद्यावर. म्हणजे सामान हलवलं, पण बघणारा कुणी ठेवलाच नाही. रूट कॉज हा.

व्हीआर हेडसेटवाल्यांनी तर हे जास्तच लक्षात ठेवावं. साधारण दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा ठेवा म्हणतात, पण खेळणाऱ्याचे डोळेच झाकलेले असतात.

दुसरी गोष्ट, एवढा हात फिरवायची गरजच नव्हती. या टेनिसमध्ये खेळाडू आपोआप धावतो, आणि सेन्सर हात किती लांब गेला ते नाही, झटका किती ते बघतो. मनगटाने भागतं. खांदाही वाचतो! २००७ मध्ये स्पेनमधल्या एका डॉक्टरने 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ला पत्र लिहिलं होतं. एक २९ वर्षांचा तरुण डॉक्टर रविवारी सकाळी खांदा दुखत उठला, कारण आदल्या दिवशी तासन्‌तास वीवर टेनिस. इलाज, आठवडाभर गोळ्या आणि खेळ बंद. माझंच वय की हो!

तर आता आमच्या हॉलचे नियम असे. एका वेळी एकच जण खेळणार, तोही जागेवरून न हलता. बाकी सगळे सोफ्यावर. स्वयंपाकघराच्या दाराशी एक जण अंपायर, खेळायचं नाही, फक्त बघायचं. तो "थांब" म्हणाला की हात खाली, पॉइंट गेला तरी चालेल. दर गेमनंतर हात पुसायचा, कारण पंखा बंद म्हणजे मुंबईत घाम आलाच. आणि चहा खेळ संपल्यावर, तोही खेळणाऱ्याने करायचा.

गेल्या रविवारी टाके काढले. संध्याकाळी आई म्हणाली, "दे बघू इकडे, त्यात एवढं काय आहे ते तरी कळू दे." तिच्या मनगटात दोरी मीच घातली आणि दाराशी जाऊन उभा राहिलो. बोलिंगमध्ये तिने बाबांना हरवलं.

असो. चहा मी केला. बरा झाला होता म्हणे.