फातोर्ड्याचा कोरो आणि औंढ्याच्या मधमाशा

आमच्या औंढ्यात पोरं कबड्डी खेळतात, क्रिकेट खेळतात. फुटबॉलचं वेड मला लागलं ते मडगावला नोकरीला असताना. 2017 च्या डिसेंबरात ऑफिसातले मित्र फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर घेऊन गेले. एफसी गोवा विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. मध्यंतरानंतर फेरान कोरोमिनासने, म्हणजे स्टँडातल्या सगळ्यांच्या कोरोने, सात मिनिटांत तीन गोल मारले. त्याच्या आधीच्याच सामन्यात बंगळुरूविरुद्धही तीन. तेव्हा तो चौतिशीत होता. बचावपटूच्या पाठीमागे नुसता रेंगाळल्यासारखा दिसायचा आणि पास सुटायच्या आत धावत सुटलेला असायचा. त्या संध्याकाळपासून मी त्याचा झालो.

मग त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो. बार्सिलोनातल्या एस्पान्योल क्लबात तो वाढला. 13 मे 2006 रोजी, लीगच्या शेवटच्या दिवशी, रेआल सोसिएदादविरुद्ध भरपाई वेळेत गोल करून त्याने क्लबला खालच्या श्रेणीत घसरण्यापासून वाचवलं. पुढे एल्चे, मायोर्का, सायप्रस करत तो गोव्यात आला. इथे पहिल्या मोसमात 18 गोल, दुसऱ्यात 16, दोन्ही वेळा गोल्डन बूट. 2019 च्या सुपर कपच्या अंतिम सामन्यातही त्याचा गोल होता. पण मला विचाराल तर 2006 चा तो एक गोल या सगळ्यांहून मोठा. चषक दर वर्षी कुणीतरी जिंकतंच. बुडता क्लब काठाला लावणं एखाद्याच्याच वाट्याला येतं.

त्याचं गाव विलोबी द'ओन्यार, जिरोना शहराजवळचं. जिरोनाला जुने तट आहेत, अरुंद यहुदी मोहल्ला आहे, आणि तिथल्या कॅथेड्रलचं मुख्य दालन जवळजवळ 23 मीटर रुंद, गॉथिक बांधणीत जगात सर्वांत रुंद. आमच्या औंढ्याच्या नागनाथ मंदिरात मात्र गाभाऱ्यात अंग चोरून खाली उतरावं लागतं. 1285 मध्ये फ्रान्सच्या राजाने जिरोनाला वेढा घातला. सैनिकांनी संत नार्सिसची कबर विटाळली, तेव्हा तिच्यातून माशांचे थवे उठले आणि फौज पळाली, अशी तिथली कथा. आमचे नामदेव तेव्हा पंधरा वर्षांचे असतील.

माशांची ही कथा वाचून मी चमकलोच, कारण तशीच एक आमच्या देवळाचीही सांगतात. सुट्टीत औंढ्याला आल्यावर आजीबरोबर देवळात गेलो. दर्शन झाल्यावर आम्ही मागच्या बाजूच्या नंदीपाशी बसलो. इथे नंदी देवाच्या समोर नाही. कीर्तनाला बसलेल्या नामदेवांसाठी देऊळच फिरलं, ही गोष्ट तिच्याच तोंडून मी ऐकलेली. औरंगजेबाचं सैन्य देऊळ पाडायला आलं आणि मधमाशा उठल्या, हीसुद्धा. यावेळी सांगायची पाळी माझी होती. जिरोनाच्या माशा सांगितल्या, कोरोचा गोल सांगितला. ऐकता ऐकता ती भिंतीवरचं शिल्प बोटाने चाचपत होती.

"तिकडं बी माशाच?" ती म्हणाली. "अन् तो पोरगा आता कुठं हाय?"

"2020 ला गोवा सोडून गेला, आजी."

"मग त्याच्या जागी कोण?"

इगोर आंगुलो आला होता, बिल्बाओचा. तोही छत्तिशीतला, आणि येताच 14 गोल करून गोल्डन बूट घेऊन गेला. आजीला नाव काही नीट उच्चारता येईना.

"बरं, त्याच्या गावाला कुणी वाचवलं ते बी वाच," ती म्हणाली, आणि प्रसादाचा नारळ फोडायला उठली.