तारामतीला हसताना

हॉलिवूडने आपल्या बाल्याकडे मागे वळून पाहिले ते पुष्कळदा हसत. आरकेओ या चित्रसंस्थेसाठी रिचर्ड फ्लायशर यांनी 1943 पासून केलेल्या ‘फ्लिकर फ्लॅशबॅक्स’ या लघुपटमालेत जुन्या मूकपटांच्या तुकड्यांवर विनोदी निवेदन चढवलेले असे. ज्या प्रतिमेला वाचा नव्हती तिच्या तोंडी उत्तरकाळाने आपली थट्टा घातली. त्यात यंत्राचाही वाटा होता. सेकंदाला साधारण 16 चौकटींनी टिपलेला मूकपट बोलपटाच्या 24 चौकटींच्या यंत्रावर दीडपट वेगाने धावतो आणि शोकमग्न माणूसही टुणटुण उड्या मारू लागतो. म्हणजे निम्मे हसू इतिहासाचे नव्हेच, प्रक्षेपकाचे.

हे मला पुस्तकातून कळले होते. उमगले मात्र भंडाऱ्यात. विद्यार्थ्यांना फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा (1913) उरलेला भाग दाखवीत होतो. मूळ चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढेच उरले आहे, आणि तेही 1917 च्या पुनर्निर्मितीतले असावे असे काही अभ्यासक मानतात. तारामती झालेले अण्णा साळुंके आणि दासी झालेले पुरुष हौदात उतरले, तसे सभागृह खदखदले. मीही माहितीपटी सुरात सांगू लागलो की, स्त्रिया मिळेनात म्हणून उपाहारगृहातल्या स्वयंपाक्याला लुगडे नेसवावे लागले, वगैरे.

मागे एक वृद्ध गृहस्थ बसले होते. दिवाळीनंतरच्या मंडईत खडी गंमतीत त्यांनी वर्षानुवर्षे नाच्याचे काम केलेले. ते म्हणाले, “हासता कायले? ओलं लुगडं सावरून पाहा!”

माझ्या निवेदनाला जिथे उणीव दिसत होती, तिथे त्यांना कसब दिसत होते. आणि ती उणीवही मी समजत होतो तेवढी सरळ नव्हती. 1913 मध्येच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई आणि कमलाबाई गोखले या मायलेकी पडद्यावर आल्या, तरीही 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही साळुंकेच. केवळ नाइलाज म्हणून याचा उलगडा होत नाही. अर्थात, स्त्रीला रंगमंच नाकारणारी व्यवस्था नाच्याच्या कौतुकाने पुसली जात नाही, हेही खरेच. तो पेच माझ्यापुरता सुटलेला नाही.

त्यांनी हौदाचे दृश्य पुन्हा लावायला सांगितले. या खेपेस मी गती कमी केली आणि गप्प बसलो.