पाठ लागली का?

मैदानाच्या आदल्या रात्री तात्या नखं काढायचे. कंदिलाजवळ पाट घेऊन बसायचे आणि उजव्या हाताची नखं अगदी मुळापर्यंत कापायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "उद्या ह्यो हात पोरांच्या पाठीखाली जाणार हाय. ओरखडा उठला तर?"

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. स्वतः तालमीत घडलेले, पुढं गुडघा गेल्यावर पंच झालेले. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावांतल्या यात्रा-जत्रांची मैदानं त्यांच्याकडं असायची. मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून ती पाहिली. सकाळी पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या, दुपार कलली की इनामाच्या जोडी, आणि दिवे लागायच्या सुमाराला एक नंबरची. हलगी कडाडायला लागली की आखाड्यात फक्त तिघं उरायचे. दोघं मल्ल आणि तिसरे तात्या, धोतराचा काष्टा घट्ट मारून.

त्या काळात पंचाला उत्तर द्यायचं होतं एकाच प्रश्नाचं. पाठ लागली का? कुस्ती निकाली असायची. अर्धा तास खडाखडी चालो, पट निघो, कुणी घिस्सा मारो की मोळी बांधो, त्यातल्या कशाची नोंद कुठल्या वहीत होत नव्हती. पाठ मातीला टेकली की कुस्ती झाली. नाहीच टेकली तर बरोबरीत सोडवली. मग इनाम निम्मं निम्मं आणि दोघांच्या डोक्याला फेटा.

प्रश्न एकच, पण उत्तर सोपं नव्हतं. पाठीला माती दिसते म्हणून पाठ लागली म्हणावं तर घामानं हात निसटू नये म्हणून एकमेकांच्या अंगावर माती टाकतच दोघं लढत असतात. दोन मिनिटांत दोघंही नखशिखांत लाल. तेव्हा पुरावा मातीवर नव्हता, खुब्याच्या नि खांद्याच्या त्या बोटभर फटीत होता. तात्या पालथे पडायचे. गाल मातीला लावून आडवे बघायचे आणि तळहात सपाट करून हळूच पाठीखाली सरकवायचे. हात आत गेला तर कुस्ती चालू.

इकडं मैदान पेटलेलं असायचं. निम्मं गाव "झाली, झाली" म्हणून उठलेलं, निम्मं "न्हाई, न्हाई" म्हणून. आणि एका बाजूनं वस्ताद आखाड्यात उतरायचे.

"तात्या, डोळं फुटलं का तुमचं? दोन येळा टेकली!"

"वस्ताद, एक खवाटा टेकला. दुसरा टेकू द्या की."

"आमी आंधळं हाय व्हय मग?"

तात्या यावर बोलायचे नाहीत. वस्तादांना पुरतं बोलू द्यायचे. त्यांचा दम संपला की शांतपणे म्हणायचे, "वस्ताद, तुमी माती अंगाला लावून म्हातारं झाला. आता या पोरासमोर सांगा, खवाटा टेकला का पाठ?" पोराच्या समोर खोटं बोलणं वस्तादांना जड जायचं. पुटपुटत का होईना, ते मागं सरायचे. तिढा सुटलाच नाही तर समोर बसलेल्या एखाद्या जुन्या मल्लाकडं तात्या बघायचे, त्यानं मान हलवली की पुन्हा हलगी. "जोड उभी करा."

ही जी पुन्हा जोड उभी करायची सोय होती ना, तिच्यात जुन्या पंचाचं निम्मं बळ होतं, असं मला आता वाटतं. शंका आली तर निकाल देण्याची सक्ती नव्हती. पुन्हा लढा, माती सांगेल.

सगळं गोडीगुलाबीचं होतं असं नाही. गावागावांच्या इर्ष्येत ढेकळं पडलेली मी पाहिली आहेत, सायकली टाकून रात्रीत शेतातनं पळालोही आहे. एकदा तर तात्याच चुकले. कळलं त्यांना, पण निकाल देऊन झाला होता, फेटा बांधून झाला होता. रात्रभर ओसरीत बसून राहिले. पहाटे सायकल काढून हरलेल्या पोराच्या तालमीत गेले आणि वस्तादांना म्हणाले, "काल माझी चूक झाली." पुढच्या वर्षी त्याच गावानं पंचाच्या मानाचा नारळ पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही.

अमेरिकेतल्या बेसबॉलची एक हकीकत वाचली तेव्हा मला ती पहाट आठवली. २ जून २०१० ला डेट्रॉइटमध्ये अरमांडो गॅलारागा नावाचा गोलंदाज एकाही फलंदाजाला पहिला टप्पा गाठू न देता सामना संपवायला एका गड्यावर आला होता. शेवटच्या गड्याला पंच जिम जॉइस यांनी चुकून नाबाद दिलं. नंतर चित्रफीत पाहून ते रडले, चूक झाली म्हणून जाहीर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सामन्याआधी खेळाडूंची यादी त्यांच्या हातात द्यायला आला तो गॅलारागाच. तात्या असते तर त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटली असती.

कोल्हापूरच्या खासबागेत तात्यांनी पंचगिरी केली नाही, पण तिथली मोठी मैदानं ते चुकवत नसत. शाहू महाराजांनी परदेशात रोमन आखाडे पाहून बांधून घेतलेलं, १९१२ साली इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्या कुस्तीनं खुलं झालेलं ते मैदान. मध्ये हौदा आणि सभोवार चढत गेलेली बैठक. सगळ्यात वर बसलेल्या हमालालाही हौदा तितकाच स्पष्ट दिसतो. तात्या म्हणायचे, "हितं पंचाला लपायला जागा न्हाई." पाठ लागली की नाही हे हजारो डोळे एकदम बघायचे, म्हणून पंचाचा शब्द टिकायचा. उद्या सकाळी मंडईत, गंगावेशीत त्याच माणसांना तोंड दाखवायचं असायचं.

आता कुस्ती गादीवर आली. मातीवरही गुण आले. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये अर्ध्या मिनिटाची उसंत. पंचाच्या एका मनगटाला लाल पट्टी, दुसऱ्याला निळी. ताबा घेतला तर दोन, रेषेबाहेर ढकललं तर एक, उचलून आपटलं तर चार. दहा गुणांची आघाडी झाली की खेळ खलास. मुख्य पंच, बाजूचा पंच आणि गादीप्रमुख, तिघांपैकी दोघांचं जमलं की गुण लागतो. तात्यांना तासाभरात एक उत्तर द्यावं लागे. आजच्या पंचाला सहा मिनिटांत वीस द्यावी लागतात, प्रत्येक उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत, आणि जोड पुन्हा उभी करून हरवलेला गुण परत शोधायची सोय नाही.

मग भडका उडतो. जानेवारी २०२३ च्या पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत महेंद्रच्या बाहेरच्या टांगेला चार गुण मिळाले. ते बरोबर की चूक, यावर अख्खं कोल्हापूर आठवडाभर मोबाईलवर तीच चित्रफीत मागं-पुढं करत होतं. सिकंदर गंगावेश तालमीचा, त्यामुळं आमच्याकडं जखम खोल. पण पंचांना धमकीचा फोन गेल्याचं वाचलं तेव्हा मान खाली गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला तर शिवराज राक्षेनं पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. महेंद्र गायकवाड अंतिम लढतीत पंचांशी वाद घालून गादी सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. राक्षेचं म्हणणं काय होतं? पाठ टेकली नव्हती. शंभर वर्षं जुना, तात्यांचाच प्रश्न.

त्या लाथेचं समर्थन मी मरेपर्यंत करणार नाही. पंचाच्या अंगाला हात लागला की आखाड्याचं पावित्र्य गेलं. पण दाद मागायची जागा मल्लाला हवीच, हेही तितकंच ठामपणे म्हणेन, आणि ते खाशाबा जाधवांमुळं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा हा विद्यार्थी, ज्याच्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये जपानच्या इशीशी दमछाक करणारी कुस्ती झाल्या झाल्या त्यांना सोव्हिएत संघाच्या मल्लापुढं उभं केलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमानं मिळायला हवी होती. पण भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथं नव्हता. खाशाबा थकल्या अंगानं उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. आखाड्यात शिरून "डोळं फुटलं का" म्हणणारा एक वस्ताद त्या दिवशी हेलसिंकीत असता तर, हा विचार माझ्या मनातून आजही जात नाही.

आज त्या वस्तादाच्या हातात स्पंजचा एक ठोकळा असतो. गुण पटला नाही की पाच सेकंदांत तो गादीवर टाकायचा. मग कुस्ती थांबते, चित्रफीत बघितली जाते. दावा खोटा ठरला तर समोरच्याला एक गुण आणि पुढं आव्हानाचा हक्क गेला. मला हा ठोकळा आवडतो. त्यात आरडाओरड नाही, कुणाच्या आई-बापाचा उद्धार नाही.

गेल्या हिवाळ्यात एका शाळकरी स्पर्धेला गेलो होतो. कडेला दोन्ही बाजूंनी आई-बाप मोबाईल धरून उभे. लाल पट्टीवाल्या पोराला त्याच्या प्रतिस्पर्ध्यानं रेषेशी गाठून फिरवलं आणि पंचानं निळ्या मनगटाची दोन बोटं वर केली. लाल बाजूचे वस्ताद उसळले, ठोकळा भिरकावला. तो पोराच्या पायाशी येऊन पडला.

मल्लाला वस्तादाचं आव्हान मान्य नसेल तर तो ठोकळा परत देऊ शकतो, असा नियम आहे. नियमाच्या पुस्तकात वाचला होता, घडताना कधी पाहिला नव्हता. पोरगं चौदा-पंधरा वर्षांचं असेल. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. एकदा पंचाकडं बघितलं, एकदा वस्तादांकडं. मग वाकून ठोकळा उचलला, कडेपर्यंत चालत गेलं आणि तो वस्तादांच्या हातात ठेवला.

"गेलाय गुण, वस्ताद. पाठ फिरली माझी."

आणि परत येऊन मध्ये उभं राहिलं.