आईची तसबीर

आमच्या घरच्या भिंतीवर वडिलांची जी तसबीर आहे, ती मुळात त्यांची एकट्याची नव्हेच. वकीलसंघाच्या एका समारंभातील समूहचित्रातून त्यांचा चेहरा कापून, मोठा करून ती सिद्ध केली होती. दहा वर्षांपूर्वी ते गेले, त्या गडबडीत दुसरे काही हाती लागले नाही. परिणामी त्यांच्या डाव्या बाजूस कोणा अनोळखी गृहस्थाच्या काळ्या कोटाचा खांदा कायमचा राहून गेला आहे. श्राद्धाच्या दिवशी त्या खांद्यालाही आम्ही हार घालतो, आणि दर वर्षी मनाला तेच खटकते.

म्हणून आईचे छायाचित्र वेळीच, नीट काढून घ्यावे असे गेली दोन वर्षे माझ्या मनात घोळत होते. आई आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. हेतू तिला सांगणे अवघड होते, म्हणून एक दिवस मी उगाच म्हटले, "भाच्याने नवा कॅमेरा घेतला आहे, त्याला हात बसवायचा आहे." तिने तांदूळ निवडता निवडता मान वर न करता विचारले, "भिंतीर लावपाक मरे?" उलटतपासणीत साक्षीदाराने वकिलालाच गप्प करावे तशी माझी गत झाली.

वास्तविक हैदराबादेत राहणाऱ्याने छायाचित्राला बिचकू नये. मीरतजवळच्या सरधना गावी 1844 साली जन्मलेले लाला दीनदयाळ पुढे सहाव्या निजामाचे, महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले आणि या शहराची मुद्राच त्यांनी काचेवर उतरवून ठेवली. 1892 साली त्यांनी येथे केवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र चित्रशाळा काढली. पडद्यातील स्त्रियांची चित्रे तेथे एक युरोपीय बाई घेत असे. त्या काळी माणूस कॅमेऱ्याकडे जाई. मागे रंगविलेला पडदा, बाजूला खांब नि कुंडी. आता कॅमेरा माणसाला घेऊन गावभर हिंडतो. लग्नाआधीची जोडपी भल्या पहाटे भाड्याचे पोशाख घालून घुमटांखाली उभी असतात. पडदा तोच, फक्त दगडाचा झाला!

भाच्याने स्थळांची यादी आणली. पहिले नाव अर्थातच चारमिनारचे. 1591 सालची ती वास्तू सुंदर खरी. पण तेथील गर्दीत आईला उभे करणे म्हणजे जत्रेत हरवणे. शिवाय पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत तिपाई लावायची तर परवानगी हवी, आणि अर्जविनंत्यांचा धंदा मी आठवडाभर करतोच, रविवारी नको. गोवळकोंड्याच्या पायऱ्या तिच्या गुडघ्यांना मानवणाऱ्या नाहीत. उस्मानिया विद्यापीठाचे कला महाविद्यालय त्याला फार आवडले होते. 1939 सालची ती गुलाबी ग्रॅनाइटची इमारत इतकी भव्य आहे, की तिच्या कमानीखाली माझी आई मुंगीएवढी दिसली असती. हुसेनसागरावर पाण्याची तिरीप डोळ्यांत जाते. कुतुबशाही मकबऱ्यांचे नाव निघताच ती म्हणाली, दुसऱ्यांच्या समाध्यांपुढे उभे राहून मी आपला फोटो कशाला काढू? यावर युक्तिवाद नव्हता.

मग तिनेच विचारले, "तुजो बापूय खंय बसतालो?"

मला क्षणभर उमजेना. लग्न होऊन फोंड्याकडून ती या शहरात आली, त्याला पन्नास वर्षे होऊन गेली. वडिलांनी तीस वर्षे उच्च न्यायालयात वकिली केली. रोज सकाळी डबा तिने भरून दिला, पण ती जागा तिने नीट पाहिली नव्हती. आम्ही तिला म्हार्दोळला महालसेच्या जत्रेला नेले, काशीला नेले. मुसी नदीच्या पुलापर्यंत नेले नाही. आता 2024 साली राजेंद्रनगरला न्यायालयाच्या नव्या इमारतीची पायाभरणीही होऊन गेली आहे.

न्यायालयाच्या आवारात कॅमेरा चालत नाही, हे मला ठाऊक होते. परंतु नया पूल आहे. त्या पुलावरून पश्चिमेकडे पाहिले की तांबड्या दगडाची ती घुमटांची इमारत नदीकाठी दिसते; सकाळी सूर्य पाठीमागून येतो आणि घुमट व माणसाचा चेहरा दोन्ही सारखेच उजळतात. दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या खाचा पडतात, म्हणून आम्ही रविवारी सातच्या आत पोहोचलो. वाटेत उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील चिंच मी तिला दाखविली. 28 सप्टेंबर 1908 च्या महापुरात तिच्या फांद्यांना धरून दीडशेच्या वर माणसे वाचली. आईने गाडी थांबवायला लावून झाडाला हात जोडले. भाचा म्हणाला, येथेच घेऊ. ती म्हणाली, नको. हे झाड लोकांचे आहे.

पुलावर नदीचा वास होता, हातगाड्या जात होत्या. तिने ठेवणीतले नऊवारी नेसले होते. कठड्यावर हात ठेवून ती उभी राहिली आणि भाचा "मामीआजी, इकडे पाहा" म्हणत राहिला. दहाबारा चित्रे निघाली. मध्येच तिने मला त्यांची खिडकी कोणती ते विचारले. मी बोटाने दाखविली. खरे सांगायचे तर ती खिडकी वकिलांच्या खोलीची की कचेरीची, हे इतक्या दुरून मलाही सांगता आले नसते. ती वळून बराच वेळ तिकडे पाहत राहिली, आणि भाच्याने तेवढ्यात एक चित्र घेतले.

घरी संगणकावर तिला सगळी दाखविली. कॅमेऱ्याकडे पाहणारे, हसरे, नाकीडोळी स्पष्ट असे एक चित्र आम्ही सर्वांनी एकमताने निवडले होते. तिने ते बाजूला सारले. "हो नाका, तो दी," असे म्हणून तिने शेवटच्या चित्रावर बोट ठेवले. त्यात तिचा अर्धाच चेहरा दिसतो. बाकी सारे अंबाडा, कठडा आणि दूरचे घुमट.

मी म्हटले, "आई, यात तू नीट दिसत नाहीस."

"फ्रेम तुज्या बापायचे फ्रेमीएदीच कर," ती म्हणाली, आणि तांदळाकडे वळली.