खारपाणपट्ट्यातून गाडी नेताना

अमरावती ते अकोला हा सुमारे १०० किलोमीटरचा रस्ता. बडनेरा मागे पडले की दोन्ही अंगांना काळी जमीन, कपाशी, तूर आणि सोयाबीन. याच रस्त्यावर लोणी ते माना या टप्प्यात जून २०२२ मध्ये एका पदरीने मोजल्यास ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. रस्ता सुधारला, ऊन आणि पाणी मात्र पूर्वीचेच आहे.

रस्त्याच्या उत्तरेस पूर्णेचे खोरे आहे. दर्यापूर, अकोटकडचा हा खारपाणपट्टा. तेथील विहिरींचे पाणी खारट, मचूळ. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, गाडी तापते आणि आपण जवळच्या विहिरीची बादली रेडिएटरमध्ये ओततो. येथेच दुखणे सुरू होते. क्षारांचा थर नळ्यांत बसतो, मीठ धातूला खाते, इंजिन पुन्हा तापते. हेड वाकते, गॅस्केट फुटते आणि पाणी इंजिन ऑईलमध्ये उतरते.

हे ओळखायचे कसे? मूर्तिजापूरला चहासाठी थांबाल, तेव्हा गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबा आणि डिपस्टिक काढून पाहा. निरोगी ऑईल मधासारखे किंवा काळे दिसते. पाणी मिसळलेले ऑईल दुधाच्या चहासारखे भुरकट होते आणि त्याची पातळी आपोआप वाढलेली असते. सोबत रेडिएटरचे पाणी बाहेर गळती नसताना कमी होणे, त्यावर तेलाचा तवंग येणे, इंजिन तापल्यावरही पांढरा धूर निघत राहणे, ही लक्षणे दिसली तर शंका राहत नाही. मात्र थंडीत गाडी थोडीथोडीच चालवली, तर ऑईलच्या झाकणाखाली जरा पांढरी साय धरते. डिपस्टिकवरचे ऑईल स्वच्छ असेल, तर तेवढ्याने घाबरू नये.

आणखी एक सोपी परीक्षा आहे. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी ऑईलचा खालचा नट जरासा सैल करा. पाणी तेलाहून जड असल्याने बहुधा तेच आधी बाहेर येते.

दोष दिसला, तर "अकोला जवळच आहे" म्हणून गाडी दामटू नका. पाणी मिसळलेले ऑईल बेअरिंगला वंगण देत नाही. गॅस्केटचे काम क्रँकपर्यंत जाते आणि हंगामाची कमाई गॅरेजात जाते. गाडी ओढून न्या. नुसते ऑईल बदलून भागत नाही. हेड सपाट आहे की नाही, तडा आहे काय, हे मिस्त्रीकडून तपासून घ्या. ऑईल कूलरही पाहायला सांगा. ट्रॅक्टरच्या इंजिनात लायनरची रबरी रिंगही फुटते. दुरुस्तीनंतर ऑईल व फिल्टर दोन्ही नवे घाला.

बंधू-भगिनींनो, गाडीच्या पुस्तकात सांगितलेले कूलंट वापरा. ते पातळ करायचे असेल, तर बॅटरीत घालतो तेच डिस्टिल्ड पाणी घ्या. त्याचा एक कॅन गाडीत असू द्या. अडचणीत साधे पाणी घालावेच लागले, तर पोचल्यावर लगेच रेडिएटर धुऊन घ्या. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. उकळते पाणी तोंडावर उडते.

या पट्ट्यातला शेतकरी विहिरीचे पाणी पिकाला देताना दहा वेळा विचार करतो. तोच विचार इंजिनासाठीही करावा.