ब्रायटनला जातेस तर

नाशिक

चि. ईशा,


"आत्या, मैत्रिणींबरोबर ब्रायटनला चाललेय, काय काय बघू? आणि ज्या गाण्याला तू रेडिओचा आवाज मोठा करायचीस ते तिथलंच ना?" हा तुझा मेसेज परवा वाचला आणि तेव्हापासून हातातलं काम सुचेना. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मोबाइलवर देता आलं असतं. दुसऱ्यासाठी कागदच घ्यावा लागला.

हो, तिथलंच. 'सागरा प्राण तळमळला' सावरकरांना सुचलं ते 1909 साली, ब्रायटनच्या किनाऱ्यावर. कोण कुठल्या भगूरचा, दारणेच्या काठी वाढलेला मुलगा, वय सव्वीस, म्हणजे जवळपास तुझंच. ते वर्ष त्यांना फार वाईट गेलं होतं. थोरल्या भावाला, बाबारावांना, जूनमध्ये काळ्या पाण्याची शिक्षा झाली. जुलैच्या पहिल्या तारखेला मदनलाल धिंग्रांनी लंडनमध्ये इंग्रज अधिकारी कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या आणि ऑगस्टमध्ये ते फासावर गेले. मागे पोलिसांचा ससेमिरा, बॅरिस्टरीचा अभ्यास पुरा करूनही सनद नाही. अशा अवस्थेत चार दिवस विसाव्याला ते ब्रायटनला आले. बरोबर निरंजन पाल होता, बिपिनचंद्र पालांचा मुलगा. ही हकीकत पुढे त्यानेच लिहून ठेवली. हाच निरंजन पाल नंतर बॉम्बे टॉकीजमध्ये आला आणि 1936 च्या 'अछूत कन्या'ची कथा त्याचीच.

आपल्या घरात सावरकरांच्या राजकारणावरून केवढे वाद व्हायचे, ते तू लहान होतीस म्हणून तुला आठवणार नाही. नाना एका टोकाला, दादा दुसऱ्या. जेवणाची ताटं तशीच राहायची. पण हृदयनाथांच्या चालीत ते आणि त्यांची भावंडं हे गाणं गायला लागली की दोघंही गप्प. नाना चष्मा काढून हातात धरायचे. परदेशच काय, त्यांनी मुंबईपलीकडचा समुद्रही पाहिला नव्हता.

म्हणून आम्ही दोघं तिकडे आलो तेव्हा मी काकांना म्हटलं, लंडनचा राजवाडा राहू दे, मला ब्रायटन बघायचंय. साल कुठलं ते आता सांगता येत नाही. वेस्ट पिअरचा नुसता लोखंडी सांगाडा पाण्यात उभा होता, म्हणजे 2003 च्या आगीनंतरचंच. आणि अगं, किनाऱ्यावर वाळूच नाही! माझ्या डोळ्यांसमोर हर्णै, गुहागर. इथे सगळे गोटे. तपकिरी, करडे, मधूनच एखादा पांढरा, लिंबाएवढे, मुठीएवढे. पाऊल टाकलं की खाली सरकतात आणि घोटा मुरगळायला येतो. लाट येते तेव्हा काही विशेष नाही. ती मागे फिरते ना, तेव्हा हजारो गोटे एकमेकांवर घासत तिच्याबरोबर खाली जातात. तो आवाज आपल्याकडच्या कुठल्याच किनाऱ्यावर मी ऐकला नाही. घरघर आणि खळखळ एकत्र, आणि संपेपर्यंत दुसरी लाट हजर. मी तिथे कितीतरी वेळ बसून राहिले. काका गारठून चहा प्यायला निघून गेले. इतकी वर्षं ऐकलेल्या गाण्यात मला कायम आपलाच समुद्र ऐकू यायचा. त्या माणसाने ज्या समुद्राशी भांडण मांडलं, तो असा बोलत होता, हे तेव्हा कळलं. तूही बस. जाड तळव्याचे बूट घाल आणि मोबाइल पिशवीत ठेव.

बाकी गंमतही कर, नाही म्हणत नाही. पॅलेस पिअर 1899 चा, म्हणजे सावरकरांनीही तो पाहिला असणार. त्यावर चिप्स घेतल्यास तर पुडा झाकून धर, ते समुद्रपक्षी हातातून ओढून नेतात. वोल्कची विजेची छोटी रेल्वे 1883 ची, सावरकरांच्याच जन्मसालातली, पण ती थंडीत बंद असते. त्याऐवजी संध्याकाळी साळुंक्यांच्या जातीच्या पाखरांचे थवे पिअरवर घिरट्या घालतात ते बघ. कान झाक, वारा वाईट आहे. तुमची गाडी व्हिक्टोरियावरून सुटत असेल तर एवढं ध्यानात ठेव, की पॅरिसहून परतल्यावर 13 मार्च 1910 ला सावरकरांना पकडलं ते त्याच स्टेशनात.

आणि रॉयल पॅव्हिलियन चुकवू नकोस. घुमट, मिनार, बाहेरून वाटावं एखाद्या नवाबाचा महाल. जॉन नॅशने तो राजपुत्र जॉर्जसाठी उभारला, 1822 च्या सुमाराला पुरा झाला. पण मला तो आवडला वेगळ्या कारणासाठी. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत जखमी झालेले आपले शिपाई 1914 च्या डिसेंबरपासून याच महालात ठेवले होते. झुंबरांखाली खाटा. हिंदूंचं पाणी वेगळं, मुसलमानांचं वेगळं, स्वयंपाकघरंच नऊ. त्यांच्यातल्याच मीर दस्तला पंचम जॉर्जने व्हिक्टोरिया क्रॉस दिला तोही इथेच, 1915 च्या ऑगस्टात.

सगळे काही बरे झाले नाहीत. जे हिंदू आणि शीख गेले, त्यातल्या 53 जणांना गावाबाहेर पॅचमजवळच्या टेकडीवर अग्नी दिला आणि अस्थी समुद्रात सोडल्या. त्या जागी पांढऱ्या संगमरवराची छत्री आहे. तिचा आराखडा केला हेन्रिक्स नावाच्या मुंबईच्या तरुण आर्किटेक्टने. 1 फेब्रुवारी 1921 ला तिचं उद्घाटन झालं. आपल्या मराठा पलटणी त्या युद्धात जास्त करून मेसोपोटेमियात गेल्या, कूटच्या वेढ्यात अडकल्या, त्यामुळे छत्रीवर तुला पंजाब-गढवालकडचेच लोक जास्त भेटतील. म्हणून काय झालं? त्यांच्याही आया वाट बघत होत्या. शेजारच्या दगडावर नावं कोरली आहेत, ती मोठ्याने वाच. तिथवर मोटार जात नाही, चिखलातून चढावं लागतं. आम्हाला त्या दिवशी वेळ उरला नाही, काकांचे गुडघेही दुखत होते. माझ्या वतीने तू जा. मैत्रिणी कंटाळल्या तर त्यांना पिअरवर पाठव आणि एकटी जा, पण अंधार पडायच्या आत परत ये.

एक बोलू? दिवाळीत तू आईशी फोनवर बोलत होतीस, मी शेजारीच होते. एका वाक्यात दोन शब्द मराठी. रागावत नाही, दिवसभर ज्या भाषेत वावरतेस तीच तोंडात बसणार. पण एवढ्या लांब, एवढ्या हालात असलेल्या त्या पोराला आठवण आली ती मराठीत, हे मला फार मोठं वाटतं. तुला कशात आठवण येते? मला खरंच जाणून घ्यायचंय.

गाणं फोनवर टाकून घे, पण किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत लावू नकोस. आल्यावर मला पत्र लिही, मेसेज नको. शुद्धलेखन चुकलं तरी चालेल. कोणकोणती नावं वाचलीस ते मात्र नक्की लिही, आणि छत्रीवरून समुद्र दिसतो का तेही. आणि जेवत जा गं वेळेवर, फोटोत गालफडं बसलेली दिसतात.

तुझी,
आत्या