हैदराबादहून समुद्राकडे

हैदराबाद शहरात तलावाला 'सागर' म्हणण्याची जुनी रीत आहे. हुसेन सागर सोळाव्या शतकातला. १९०८ साली मुसी नदीच्या महापुराने शहराची दाणादाण उडाली, त्यानंतर बांधलेले उस्मान सागर आणि हिमायत सागर विसाव्या शतकातले. खरा सागर मात्र या शहराच्या कोणत्याही वेशीवरून दिसत नाही. पूर्वेचा किनारा गाठावयाचा तर मछलीपट्टणपर्यंत सुमारे साडेतीनशे किलोमीटर जावे लागते. पश्चिमेचा किनारा त्याच्या जवळजवळ दुप्पट दूर. आणि तरीही चारशे वर्षे या शहराला समुद्राची ओढ लागून राहिली आहे. गेल्या हिवाळ्यात त्या ओढीपायी आम्हांस थेट मुरगावपर्यंत जावे लागले. ती हकीकत वाचकांस सांगावयाची आहे, कारण तिचा संबंध किनाऱ्यावर राहणाऱ्या आपणां सर्वांशी येतो.

हैदराबादेत आम्ही काचीगुड्याजवळ एका मराठी कुटुंबात उतरलो होतो. काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत मराठी वस्ती जुनी आहे. मराठवाड्याचे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते. तेव्हा नोकरीसाठी, शिक्षणासाठी आलेली माणसे येथेच स्थिरावली. आमचे यजमान अशाच एका घराण्यातले. सर्व जण त्यांना अण्णा म्हणतात. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षे झाली. त्यांच्या दिवंगत पत्नी वेंगुर्ल्याच्या. चाळीस वर्षे त्यांनी दख्खनच्या खडकाळ माळावर संसार केला, पण म्हातारपणी समुद्राकाठी एक खोली असावी ही त्यांची इच्छा अपुरीच राहिली. ती पुरी करावी म्हणून अण्णांनी निवृत्तीच्या पैशांतील एक भाग बाजूला ठेवला होता.

त्यांचा पुतण्या नोकरीनिमित्त जकार्त्याला असतो. त्याने प्रथम कळविले की इंडोनेशियातील एका दूरच्या बेटावर, कोळ्यांच्या गावात, नारळीखालची जागा फार स्वस्तात मिळते. अण्णांना क्षणभर मोह पडला. परंतु चौकशी करता निराळेच कळले. त्या देशाच्या १९६० च्या जमीन कायद्याप्रमाणे परकीय माणसाला जमिनीची पूर्ण मालकी घेताच येत नाही. ठरावीक मुदतीचा वापराचा हक्क तेवढा मिळू शकतो. कित्येक परदेशी लोक तेथल्या एखाद्या रहिवाशाच्या नावावर जमीन घेतात आणि पुढे वाद निपजला म्हणजे हात चोळीत बसतात. शिवाय गावाचा म्हणून जो परंपरागत सामाईक हक्क असतो, त्यालाही त्या कायद्यात स्थान आहे. अण्णांनी तो नाद सोडला आणि गोव्यात मुरगाव तालुक्यात एक जागा पाहण्याचे ठरविले. ते आम्हांस म्हणाले, "तुम्ही किनाऱ्यावरची माणसे. वाळू पाहून तुम्हांला जे कळेल ते आम्हांला कळणार नाही. बरोबर चला."

निघण्यापूर्वी एक दिवस हाताशी होता, म्हणून आम्ही गोवळकोंड्याचा किल्ला पाहावयास गेलो. तटावर उभे राहिले की दूरवर खडक आणि घरेच दिसतात. परंतु या किल्ल्याचे वैभव बरेचसे समुद्रावर पोसलेले होते. कुतुबशाहीचे बंदर म्हणजे मछलीपट्टण. तेलुगू लोक त्याला आजही नुसते 'बंदर' म्हणतात. १६०५ मध्ये डच आणि १६११ मध्ये इंग्रज तेथे उतरले. त्यांना हवे होते आंध्र किनाऱ्याचे रंगीत, छापील सुती कापड. आणि तेही युरोपसाठी नव्हे, तर मुख्यतः आज ज्यास आपण इंडोनेशिया म्हणतो त्या बेटांसाठी. तेथील मिरी, लवंग व जायफळ यांच्या बदल्यात तेथल्या लोकांना हेच कापड द्यावे लागे. म्हणजे पुतण्याने अण्णांना सुचविलेली वाट नवी नव्हती. गोवळकोंड्याचे कापड चारशे वर्षांपूर्वी तिकडे पोहोचले होते.

त्या बेटांचे पुढे काय झाले हे आपल्या लोकांनी जाणून घेण्यासारखे आहे. जायफळ त्या काळी बांदा बेटांवरच पिकत असे. १६२१ मध्ये डच कंपनीच्या यान कून या गव्हर्नर जनरलने ती बेटे जिंकली. मूळ रहिवाशांपैकी बहुतेक मारले गेले, गुलाम झाले किंवा परागंदा झाले. त्यांच्या बागा आखून कंपनीच्या माणसांस वाटून दिल्या व गुलामांकडून कसविल्या. त्यांपैकी रुन या चिमुकल्या बेटावर इंग्रजांचा दावा होता. १६६७ च्या ब्रेडा येथील तहात तो दावा इंग्रजांनी सोडला, आणि अमेरिकेतले मॅनहॅटन बेट, जेथे आज न्यूयॉर्क शहर उभे आहे, ते त्यांच्याकडे राहिले. दोन बेटांचा जणू सौदाच झाला. परंतु दोन्ही बेटांवर ज्यांची चुलखंडे होती त्यांना कोणी एका शब्दाने विचारले नाही.

हैदराबादचा किनाराही असाच कागदोपत्री हातचा गेला. १७५३ मध्ये निझामाच्या घराण्यातील सलाबतजंगाने उत्तर सरकारांचा किनारी मुलूख फ्रेंचांना दिला. १७५९ मध्ये इंग्रजांनी मछलीपट्टण घेतले, १७६६ च्या तहाने उत्तर सरकार त्यांच्याकडे गेले आणि त्यावरील निझामाचा उरलेला हक्कही कंपनीने १८२३ मध्ये विकत घेतला. तेव्हापासून हिंदुस्थानातील हे मोठे संस्थान चोहोंकडून जमिनीने वेढलेले राहिले. सातवे निझाम मीर उस्मान अली खान यांना अमेरिकेतील 'टाइम' साप्ताहिकाने १९३७ मध्ये मुखपृष्ठावर छापून जगातील सर्वांत श्रीमंत मनुष्य ठरविले. पण या श्रीमंत मनुष्याजवळ एक होडी लावण्यापुरताही किनारा नव्हता. स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांच्या सरकारने पोर्तुगालशी बोलणी चालविली: गोवा, निदान मुरगावचे बंदर, विकत किंवा भाडेपट्ट्याने मिळावे. बोलणी फळास आली नाहीत. १९४८ मध्ये हैदराबादेस चोरून शस्त्रे आणावयाची वेळ आली तेव्हा ती कराचीहून विमानाने आणावी लागली, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानाची स्वतंत्र राहण्याची धडपड संपली. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला.

हा इतिहास मनात घोळत असतानाच आम्ही अण्णांसह आगगाडीत बसलो. कर्नूल, गुंतकल, बळ्ळारी, होसपेटे, गदग, हुबळी, लोंढा अशी गाडी दख्खनचे पठार ओलांडते. काळ्या जमिनी, कापूस, मग तुंगभद्रेकाठची हिरवळ, मग धारवाडकडची लाल माती. कॅसलरॉकपासून घाट लागतो. हा लोहमार्ग १८८८ पर्यंत तयार झाला. दख्खनचा माल समुद्राला लागावा म्हणूनच तो व मुरगावचे बंदर बांधले गेले. निझामाच्या मुत्सद्द्यांनी नकाशावर बोट ठेवले ते याच वाटेवर. अण्णा रात्रभर जागे होते. घाट उतरल्यावर हवेत ओलसर, खारा वास आला तेव्हा ते एवढेच म्हणाले, "हिला हा वास आठवत असे."

वास्को शहरात बंदर मोठे आहे आणि कोळशाची धूळही मोठी आहे. २०१७ मध्ये बंदराच्या विस्ताराविषयी जनसुनावण्या झाल्या तेव्हा लोकांनी दिवसचे दिवस बसून आपले म्हणणे मांडले. आम्हांस जावयाचे होते ते त्याच तालुक्यातील एका लहान गावी. शिंपल्यांच्या तावदानांची जुनी घरे, दारापुढे बसावयाचे ओटे, माडांची राई, आणि राईपलीकडे वाळूवर कलंडलेल्या होड्या. रापण ओढण्याची वेळ होती. रापण म्हणजे मैलभर लांब जाळे. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळ घालून सोडावयाचे आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून सर्वांनी मिळून ओढावयाची. पुरुष, बायका, म्हातारे, पोरे, ज्याचा हात लागेल त्याला वाटा. यांत्रिक जहाजांविरुद्ध याच रापणकारांनी १९७० नंतरच्या दशकात लढा दिला.

दलालाने दाखविलेली जागा चारशे चौरस मीटरची, वाळूला लागूनच. "कागद स्वच्छ आहेत," असे त्याने तीनदा सांगितले. आम्ही एक-चौदाचा उतारा मागितला. त्यावर दोन भावांची नावे. एक भाऊ वारलेला. त्याची विधवा गावातच राहते. दुसऱ्याची मुले परदेशी. गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे नवराबायकोचा मिळकतीत सामान्यतः समान वाटा असतो, आणि एकाला दुसऱ्याच्या संमतीवाचून स्थावर विकता येत नाही. म्हणजे सह्या दोन नव्हेत, सात-आठ लागणार होत्या. जागेच्या कोपऱ्यात एक मातीचे घर होते. दलाल म्हणाला, "ते काही नाही, उठवता येईल." ते मुंडकाराचे घर होते. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर राहणाऱ्या अशा कुटुंबांना १९७५ च्या कायद्याने संरक्षण दिलेले आहे. त्यांना असे उठविता येत नाही. शिवाय किनारा नियमनाचे नियम १९९१ पासून लागू आहेत, २०११ व २०१९ मध्ये ते नव्याने आले. भरतीरेषेच्या इतक्या जवळ नवे घर बांधण्यास परवानगी मिळणे जवळजवळ अशक्यच.

हे सर्व कागदाचे झाले. आम्ही त्या विधवा बाईंना भेटलो. वय सत्तरीचे, हाताला माशांचा वास, बोलणे थोडके. त्यांनी आम्हांस ओट्यावर बसवून पाणी दिले. विक्रीची गोष्ट काढताच म्हणाल्या, "आमकां कोणेंच विचारलें ना." मग त्यांनी त्या मोकळ्या जागेकडे बोट दाखविले. जाळी तेथे वाळत होती. पावसाळ्यात होड्या तेथेच ओढून ठेवतात. कुंपण पडले तर होड्या कोठे ठेवावयाच्या, असा त्यांचा साधा प्रश्न होता. तो अण्णांना उद्देशून नव्हता, पण उत्तर देण्यास तेथे अण्णांखेरीज कोणी नव्हते.

गोव्याच्या गावांत गावकरी नावाची फार जुनी संस्था आहे. गावाची जमीन गावाची. ती कसावयाची, तिचे उत्पन्न वाटून घ्यावयाचे, बांध-बंधारे सांभाळावयाचे. पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये या रीती लेखी नोंदवून घेतल्या, पण त्या निर्माण केल्या नाहीत. मग लिस्बनने मुरगाव निझामाला विकले असते तर नेमके काय विकले असते? बंदराचे धक्के, जकातीची कचेरी. जाळी वाळविण्याची जागा ना लिस्बनची होती, ना हैदराबादची होऊ शकली असती. राजा अहाब आणि नाबोथाचा द्राक्षमळा ही गोष्ट आपल्या घरांतील मुलांनाही ठाऊक आहे. राजाने प्रथम पैसेच देऊ केले होते, हे मात्र आपण पुष्कळदा विसरतो.

अण्णांनी विसार दिला नाही. दलाल रागावला, अण्णांनी त्याला चहाचे पैसे देऊन निरोप दिला. संध्याकाळी ते एकटेच वाळूवर गेले आणि रापणेचा दोर धरणाऱ्या माणसांच्या रांगेत शेवटी उभे राहिले. परत आले तेव्हा तळहात सोलवटले होते आणि हातात चार तारल्या होत्या, त्यांचा वाटा. त्याच बाईंच्या शेजारी एक खोली भाड्याने मिळते. दर हिवाळ्यात महिनाभर तेथे राहावयाचे असे त्यांनी ठरविले आहे. बाजूला ठेवलेले पैसे त्यातच हळूहळू खर्चावयाचे.

वाचकहो, समुद्राची ओढ ही वाईट गोष्ट नव्हे. २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले आणि हैदराबाद पुन्हा किनाऱ्याविना राहिले. आता मछलीपट्टणला नवे बंदर बांधले जात आहे आणि तेथपर्यंत मोठा रस्ता नेण्याचा विचार हैदराबादेत चालू आहे. माणसे किनाऱ्याकडे येणारच. आपल्या गावांतही ती येत आहेत, आणि आपल्यातीलही कोणी उद्या दुसऱ्याच्या किनाऱ्यावर जागा पाहावयास जाईल. म्हणून दोन गोष्टी घरोघरी ध्यानात असाव्यात.

विकणाऱ्याने आधी सर्व वारसांना, बहिणींनासुद्धा, एकत्र बसवावे; एकाची सही ही घराची सही नव्हे. घेणाऱ्याने सातबारा, फेरफार आणि इतर हक्कांचा रकाना स्वतः वाचावा. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही, हे आधी जाणून घ्यावे. आणि सर्व कागद पाहून झाल्यावर, पैसे देण्यापूर्वी, एकदा ओहोटीच्या वेळी त्या जागेवर जावे. तेथे कोणाची जाळी वाळतात, कोणाची होडी उभी राहते, कोणाची पायवाट जाते ते पाहावे आणि त्या माणसांना विचारावे. हे उताऱ्यावर लिहिलेले नसते.